नागपूरचं पाणी जबलपूरला

आधी एक कबुली देऊन टाकते. म्हणजे पुढं मी कुणाला शहाणपण शिकवताना दिसले, तर तुम्हाला मला इथंच परत आणून उभं करता येईल.

लग्नाला तीन महिने झाले होते, तेव्हा मी भेडाघाटला धुवांधार धबधब्यासमोर पाण्यावाचून चक्कर येऊन पडले. समोर अख्खी नर्मदा खडकावरून कोसळून राहिली, तुषार तोंडावर उडून राहिले, आणि ही बया आदल्या दुपारपासून घोटभर पाणी न पिता उभी. प्रवासात बाईमाणसानं पाणी पिऊ नये, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नसते. त्यात सोबत सासूबाई, नवरा, नणंद आणि तिचे यजमान. ‘मला जायचंय’ हे नव्या सुनेनं त्यांच्यासमोर म्हणायचं? त्यापेक्षा नर्मदेत उडी घेतलेली बरी, असं माझं त्या काळचं तत्त्वज्ञान होतं. दिसायला बरी होते, पण अक्कल माहेरच्या फडताळातच राहून गेली होती.

पडले ती पडले. घाटावरच्या एका म्हातारीनं माझी नाडी धरली आणि जाहीर केलं, “बहू के पाँव भारी हैं!” म्हणजे मला दिवस गेलेत. नणदेच्या यजमानांनी परतीच्या वाटेवर पेढे घेतले. मला नीट शुद्ध आली तोवर सगळं ठरूनच गेलं होतं. ‘मला नुसती तहान लागली होती’ एवढं एक वाक्य पुरे होतं. ते मी बोलले नाही. उलट पुढचे आठ दिवस नणदेच्या घरी गादीवर पडून खोवा जलेबी खाल्ली, आणि अधूनमधून पदर तोंडाला लावून मळमळल्याचं सोंगही केलं. यथावकाश जे कळायचं ते कळलंच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “होईल पुढं.” आणि मी मनात म्हटलं, शालिनी, काय नाटक वठवलंस!

त्याच नणदेकडे, बेबीताईकडे, या मे महिन्यात मी पुन्हा गेले. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. नाव बेबी, वय शहात्तर.

फोन त्यांच्या मुलाचा, संजूचा. तो जन्मला-वाढला जबलपुरात, त्यामुळे त्याची मराठी दर चार पावलांवर हिंदीच्या खांद्यावर हात ठेवते. “मामी, तुम्ही एक बार या. आई विसरून राहिली. चिडते. दोनदा गॅस सुरू ठेवून खोलीत जाऊन झोपली. जूनमध्ये माझी बदली आहे भोपालला, आणि ही म्हणते मी इथंच एकटी राहीन. कैसे छोड़ूँ? तुमचं ऐकते ती. समजवा ना. इतवारपर्यंत मला घराचं ठरवायचं आहे.”

म्हणजे एका बाईला तिचं पन्नास वर्षांचं घर बंद करायला राजी करायचं, हे माझं काम. मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून पायाला भिंगरी लागली. बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. खरं सांगू? महिन्याभरापूर्वी माझा चष्मा मला फ्रिजमध्ये सापडला होता. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईचा निकाल लागला की पुढचा नंबर कोणाचा, हे मला बरोबर दिसत होतं.

निघताना नात मुक्तानं एक बाटली दिली. तिच्यावर रेघा. आठ वाजता इथपर्यंत, दहा वाजता इथपर्यंत. “आजी, संपवायची हं.” मी म्हटलं, हो बाई. सिवनीच्या अलीकडे बस एका ढाब्यावर थांबली. बायकांच्या संडासाचं दार उघडलं, आत एक नजर टाकली, दार लावलं, आणि बाटलीचं झाकण आणखी एक आटा आवळलं. तर अशा रीतीनं नागपूरचं पाणी मी एक थेंबही न सांडता जबलपूरला पोचवलं.

गढा, गुरुवार

बेबीताईचं घर गढ्यात, किराणा आणि शिवणयंत्राच्या दुकानांमधल्या गल्लीत. खाली भाडेकरू, एक शाळामास्तरीण. वर ताई, संजू आणि सून रेखा. स्वयंपाकघर वर, देव वर, ताईची खाट वर. संडास-मोरी मात्र खाली, मागच्या अंगणात. जिना असा उभा की चढताना आपलेच गुडघे आपल्या हनुवटीला भेटायला येतात.

आमच्या नागपुरात पाहुणा आला की चहाचं विचारतात. इथं आधी पाणी, सोबत गूळ. रेखानं दोन पेले आणून ठेवले, “पहले पानी, मामीजी.” मी पेला ओठाला लावला, खाली ठेवला. ताईनंही लावला, खाली ठेवला. दोन काठोकाठ पेले शेजारी शेजारी तसेच राहिले. हे मला तेव्हा दिसलं, कळलं नाही. आमच्या दोघींची शिकवण एकाच कारखान्यातली.

“आली का वकील?” ताईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले, जीभ मात्र जागच्या जागी. “काहून आली ते मला ठाऊक आहे. हे पाह्य माझा गॅस.”

ओट्यावर शेगडी लख्ख पुसलेली होती. नळी होती, सिलिंडर होता, वरचा रेग्युलेटर नव्हता. तो संजूनं काढून आपल्या कपाटात कुलपात ठेवला होता. रेखा इंडक्शनवर स्वयंपाक करायची, आणि ते यंत्र ताईला भुतासारखं वाटे.

“देवासारखी झाली माझी शेगडी,” ताई म्हणाल्या. “रोज पुसायची. पेटवायची नाही.”

मी हसले नाही. हसण्याजोगं होतं, तरी.

संध्याकाळपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, “रस्त्यात सिवनी लागली का?” तिसऱ्यांदा संजूनं माझ्याकडे पाहिलं, ‘बघा’ अशा डोळ्यांनी. ताईनं ते पाहणं पाहिलं. मग त्या गॅलरीत गेल्या आणि तुळशीच्या कुंडीपाशी बसून राहिल्या. तुळस पिवळी पडली होती. एवढ्या उन्हात तुळससुद्धा तग धरत नाही, मी मनात म्हटलं. पंखा तीनावर केला, पाचावर केला, परत तीनावर. बसवत नव्हतं, पडवत नव्हतं.

ओमती आणि गोहलपूर, शुक्रवार

सकाळी पोह्यांवरून भांडण झालं. इथले पोहे गोडसर, वर शेव, बाजूला जिलबी. तर्री नाही. मी आपली सहज बोलून गेले की सासूबाई पोह्यांत साखर कधी घालत नव्हत्या. ताई म्हणाल्या, घालत होती. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, माझी आई होती का तुझी? दोन म्हाताऱ्या, एक मेलेली सासू आणि चिमूटभर साखर! आणि त्या तिरीमिरीत मी म्हणून बसले, “तुमच्या डोक्यात आता काही राहते का, ताई?”

ताईनं बशी खाली ठेवली. रेखा ओट्याकडे वळून उगीच भांडी घासायला लागली.

मी पर्स काखेला मारली आणि घरातून निघाले. कुठं, ते ठरलं नव्हतं. रिक्षावाला म्हणाला ओमती, मी म्हटलं ओमती. तिथं दुकानांच्या रांगेत उभी-आडवी फिरले. एका पाणपोईवर माठ होते, लाल ओलं फडकं गुंडाळलेले. तिथल्या बाईनं लांबूनच ओगराळं उचललं, “पियो अम्मा!” मी हात जोडून पुढं. ताईची समजूत घालायला खोवा जलेबी घेतली, काळसर, जाडजूड. डोकं ठणकत होतं. दुकानदारानं पुडी बांधायला जरा वेळ लावला तर त्याला बोलले. मुलं वाटेत आली तर त्यांना बोलले. एक गाय वाटेत आली, तिलाही बोलले.

मग एक ई-रिक्षा थांबवली. चालवणारी बाई होती, चाळिशीची, उन्हानं रापलेली, दुपट्टा डोक्यावरून घट्ट बांधलेला. सीटच्या मागं ‘नर्मदे हर’ आणि खाली ‘सरोज’.

“कहाँ जाना है, अम्मा?”

मी तोंड उघडलं. आणि तिथं काहीच नव्हतं.

गल्ली दिसत होती, जिना दिसत होता, शिवणयंत्राचं दुकान दिसत होतं. वस्तीचं नाव गेलं होतं. दोन अक्षरं, पन्नास वर्षं पत्रांवर लिहिलेली. पण मी कोण! ‘आठवत नाही’ म्हणणारी थोडीच? पूर्वी तहान लागली म्हणाले नाही, आता विसरले म्हणते का! डोक्यात जे पहिलं नाव आलं ते ठोकून दिलं, “गोहलपूर.”

गोहलपुरात रिक्षा थांबली तेव्हा दोन्ही बाजूंना पत्रे ठोकणं चाललं होतं, लोखंडी कपाटं रस्त्यावर वाळत घातल्यासारखी उभी. मी सरोजवर खेकसले. कुठं आणलंस मला? नवी बाई पाहून फिरवतेस काय? त्यात पर्स दिसेना. “मेरी पर्स! अभी थी!”

सरोज मागं वळली, शांतपणे. “अम्मा, बगल में है.”

काखेतच होती.

“अम्मा, पानी कब पिया था?”

“सुबह चाय पी थी.”

“चाय नहीं. पानी.”

मी हिशेब लावू लागले. सकाळी नाही. काल संध्याकाळी गोळीसोबत एक घोट. बसमध्ये नाही. बाटली अजून बॅगेत, रेघांसकट. तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली आपली बाटली पुढं केली. मी म्हटलं, नको बाई, मग जावं लागेल.

सरोज एवढी हसली की समोरच्या दुकानातली ठोकाठोकी थांबली. “उसका भी इंतज़ाम है. पीछे कपाटवाले की घरवाली मेरी पहचान की है. आप पियो तो सही. धीरे-धीरे.”

मी प्याले. छोटे छोटे घोट. ती बोलत होती. “मैं भी नहीं पीती थी, अम्मा. नई-नई गाड़ी चलाई तो कहाँ जाती? सुबह से शाम तक सूखी. हर सवारी से झगड़ा. एक दिन एक ही चौराहे के तीन चक्कर मार दिए, सवारी चिल्ला रही और मेरी समझ में न आए कि मुड़ना किधर है. मैंने तो सोचा, पगला गई. अब?” तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. ओमतीत एक मंदिर, पुढं एक दवाखाना, बसस्टँडच्या बाजूला एक ओळखीची खानावळ. तिच्या मार्गावरचं प्रत्येक धुतलेला संडास तिला पाठ. लोक शहराचा नकाशा देवळांवरून काढतात, हिनं असा काढला होता.

कपाटवाल्याच्या बायकोनं दार उघडलं, बादली भरून दिली, वर पन्ह्याचा पेलाही दिला. यांचा ‘पना’ आपल्या पन्ह्यासारखा गोड नाही. भाजलेली कैरी, जिरं, पुदिना आणि काळं मीठ. अर्धा तास मी तिथं बाजेवर बसून होते. डोक्यातला हातोडा हळूहळू बाहेरच्या हातोड्यात मिसळून गेला. आणि मग, काही एक प्रयत्न न करता, आलं. गढा.

त्यामागून दुसरंही आलं. ‘तुमच्या डोक्यात आता काही राहते का.’ ते आता ऐकवेना. सकाळी तेच वाक्य मला रास्त वाटलं होतं, हे आठवून तर आणखीच. पाणी पिऊन मी शहाणी झाले असं नव्हे. एवढी सोपी गोष्ट असती तर मासे पंडित झाले असते. पण कोरड्या डोक्यानं जो राग खरा वाटतो, तो बराचसा तहानेचा असतो, हे या वयात मला एका रिक्षावालीनं दाखवलं.

“अब कहाँ, अम्मा?”

“गढ़ा. और जल्दी.”

वर पोचले तर ताई गॅलरीत. रेखा रोज सकाळी त्यांच्या उशाशी भरलेली बाटली ठेवून शिलाईच्या कामाला जात असे, आणि संध्याकाळी रिकामी बाटली पाहून तिला बरं वाटत असे. ती बाटली ताईच्या हातात होती, आणि ताई ती कुंडीत ओतत होत्या. कुंडीत चिखल झाला होता. मे महिन्यात, जबलपुरात, ती तुळस पाण्यात कुजत होती.

“ताई.”

त्या दचकल्या. मग दरडावलं, “तुळशीला पाणी घालणंही बंद करतो का आता संजू?”

मी खाली फरशीवर बसले. जलेबीची पुडी मध्ये ठेवली. आणि सांगून टाकलं. गोहलपूरचं सांगितलं, काखेतल्या पर्सचं सांगितलं. आणि मग ते, जे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं: धुवांधारला मला दिवसबिवस काही नव्हते, मला तहान लागली होती. “लघवीला कुठं जायचं या भीतीनं मी बेशुद्ध पडले, ताई. आणि तुमच्या घरी आठ दिवस फुकटची लोळले.”

ताईचे ओठ हलले. हसतात का रागावतात कळेना. शेवटी त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

“दिवाळीत घसरली मी तिथं. तिसऱ्या पायरीवरून. कोणाला नाही सांगितलं. तेव्हापासून उतरायचं म्हटलं की पाय कापतात. दिवसातून एक वेळ उतरते, संजूच्या हाताला धरून. आणखी पाणी पिऊ? अन् मग हाका मारू पोराला, की चल रे, आईला लघवी लागली? तो साहेब आहे, शाले. सुनेला सांगू?”

“अन् मग डोकं?”

“डोक्यात भुंगा राहते दिवसभर. काही आठवत नाही, मग राग येते. राग आला की लोक म्हणतात, बुढी गेली कामातून.” त्यांनी बाटली खाली ठेवली. “म्हणू दे. ते सोपं आहे.”

ते सोपं आहे! वेडी ठरलेलं चालेल, पण तेवढं एक मागायचं नाही. मला कोणीतरी आरसा दाखवल्यासारखं झालं, आणि त्यातली बाई नवी नवरी होती.

घर, शनिवार ते पुढचा शनिवार

संजूला मी सगळ्यांसमोर नाही, जिन्यात गाठलं आणि तिसऱ्या पायरीवर बसवून सांगितलं. तो साहेब रडला. मग चिडला, रेखावर, माझ्यावर, पायरीवर. मग डॉक्टरकडे नंबर लावला.

डॉक्टरांनी रक्त, लघवी, सगळं तपासलं. जुना जंतुसंसर्ग निघाला, अंगात पाणी फार कमी निघालं. गोळ्या दिल्या. संजूनं विचारलं, म्हणजे आईचं विसरणं यानंच? ते म्हणाले, “कितना इससे है, कितना उमर से, आज नहीं बता सकता. पहले इन्हें पानी पिलाइए, फिर दिमाग की बात करेंगे.” एकदम तांब्याभर ओतायचं नाही, दिवसभर थोडं थोडं, हेही बजावलं.

रविवार आला आणि गेला. घराचा निर्णय संजूनं आठ दिवस पुढं ढकलला. मी परतीचं तिकीट पुढं ढकललं. वरच्या सामानाच्या कोठीत संडास बांधायला गवंडी आला, आणि ताई त्याच्यावर देखरेख करायला खुर्ची टाकून बसल्या. मुक्ताची रेघांची बाटली आम्ही दोघींमध्ये ठेवली. ती एकटीनं प्यायची नाही, असा करार. मी एक घोट, त्या एक घोट. वरचा संडास होईपर्यंत जिन्यात हात धरायला मी नाहीतर रेखा. ताईनं कधी चुकवायचा प्रयत्न केला, तर मी फक्त तुळशीकडे बघायची.

एकदम चमत्कार झाला नाही. तिसऱ्या दिवशीही त्यांनी मला सिवनीचं विचारलं. पण चौथ्या दिवशी दुपारी त्या रेखाला म्हणाल्या, “तू सकाळी जेवली नाही, जेवून घे,” आणि रेखा पोळी हातात धरून थबकली. कित्येक महिन्यांनी कोणी तिच्यावर ओरडण्याऐवजी तिच्याकडे पाहिलं होतं. सहाव्या दिवशी ताईनं गवंड्याला त्याचंच माप चुकल्याचं दाखवून दिलं. तो फीत लावून बघतो तर खरंच चुकलं होतं.

शनिवारी संजू रेग्युलेटर घेऊन आला. काही बोलला नाही, गुडघे टेकून सिलिंडरवर बसवला. ताईनं शेगडी पेटवली, चहा केला, आणि बंद करताना मोठ्यानं म्हणाल्या, “बंद केला. सगळ्यांनी पाहा.” ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत ताई गढ्यातच. खालच्या मास्तरीणबाई सकाळ-संध्याकाळ वर येतील, संजू-रेखा दर पंधरवड्याला येतील, डॉक्टर महिन्याला बघतील. पुढचं पुढं. मला पूर्ण निर्धास्त वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. रोज फोन करते, आणि माझा चष्मा कुठं आहे तेही रोज बघते.

भेडाघाट, निघायच्या आदल्या दिवशी

सरोजच्याच रिक्षातून गेलो. एवढं लांब ती एरवी येत नाही, पण म्हणाली, “दोनों अम्माओं को मैं ही ले जाऊँगी.” वाटेतल्या धुतलेल्या जागा तिनं आधीच हेरून ठेवल्या होत्या.

आता तिथं रोपवे आहे, संगमरवरी गणपतींची दुकानं आहेत, कठडा आहे. धबधबा तोच. पाणी दगडावर आपटून धूर होऊन वर येतं, आणि त्या धुरात माणसं एकमेकांना ओरडून काहीबाही सांगतात. मी ज्या जागी पडले होते, ती जागा मी ताईला दाखवली. त्या म्हणाल्या, ती नव्हे, ही. आम्ही त्यावरूनही थोडं भांडलो. मग कठड्याला टेकून ताईनं रेघांची बाटली उघडली, दोन घोट घेतले, पदरानं ओठ पुसले, बाटली माझ्या हातात दिली, आणि मी पीत असताना बोलल्या.

“शाले, इतकी वर्षं तुला वाटून राहिलं की तू आम्हाला फसवलं? आईला त्याच संध्याकाळी समजलं होतं. म्हणे, बेबे, पोरगी कालपासून पाणी नाही प्यायली, मीही नाही प्यायली, मला नाही कळणार तर कोणाला कळेल? पण जावईबापूंनी पेढे घेऊन टाकले आहेत, तर तू गप राह्य. घरी गेली की पोळ्यांच्या परातीपुढं बसायचंच आहे तिला, आठ दिवस झोपू दे. आणि हो, पोह्यांत साखर घालत होती माझी आई.”